किल्ल्या किती, ते कोणी विचारलेच नाही

मी एक जुने कुलूप आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका. तुम्ही चांगल्या घरची मुले असाल, तुमचे पाढे पाठ असतील, दिवेलागणीला परवचा म्हणत असाल. तरीही नाही. विश्वास ठेवणारे कुलूप म्हणजे नुसता पितळेचा गोळा. ते दाराला लावण्यापेक्षा मोडीत घातलेले बरे. संशय हा माझा स्वभाव नव्हे, तो माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

माझा जन्म दूर उत्तरेकडे, अलीगढला झाला. ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझ्या पोटात किल्लीने उचलायच्या सहा पट्ट्या बसवल्या आणि कपाळावर मात्र ठळक आकडा कोरला सातचा. म्हणजे मी जगात आलो तोच कपाळावर एक थाप घेऊन. पुढे मुंबईच्या बाजारात दुकानदार मला उंच धरून "सात पट्ट्यांचं, साहेब, सात!" असे ओरडे, तेव्हा मी आतल्या आत सहा मोजत असे. विकणारा जे सांगतो आणि पोटात जे असते, त्यात एका पट्टीचा तरी फरक असायचाच, हे शिकायला मला शाळेत जावे लागले नाही.

मला विकत घेतले हरिश्चंद्र शिवलकर नावाच्या एका गोदीतल्या कारकुनाने. नाव हरिश्चंद्र होते, यात त्याचा दोष नाही. ते आजोबांनी ठेवले होते. दुकानदाराने त्याला माझ्या दोन किल्ल्या दिल्या आणि म्हणाला, "तिसरी कुठं निघाली तर मान कापून देईन." त्याची मान अजून जागच्या जागी आहे असे ऐकतो.

आगबोटीने मी रत्नागिरीला आलो. भाट्याची खाडी तरीने, म्हणजे होडीने, ओलांडली की डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी लागते, तिथे शिवलकरांचे घर. चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांची कौले, पुढे सारवलेले अंगण, म्हणजे खळे, मागे चार माड आणि विहीर. हरिश्चंद्राची आई वारली तेव्हा, म्हणजे सन सव्वीस साली, घरात राहणारे कोणी उरले नाही. बाराव्याचे जेवण झाले, पाहुणे पांगले, आणि मला दाराच्या कोयंड्यात अडकवून हरिश्चंद्र मुंबईला गेला. एक किल्ली त्याने खिशात टाकली. दुसरी शेजारी राहणाऱ्या चुलत्याला, केरूआप्पाला दिली.

या दोन किल्ल्यांचे नशीब फार निराळे निघाले. हरिश्चंद्राने आपल्या किल्लीने मुंबईत काय काय उघडले, विचारू नका. सोड्याच्या बाटल्या, बिस्किटांचे डबे, एकदा तर खुर्चीचा खिळा. कान कोरायलाही तीच. केरूआप्पाने मात्र आपली किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. सकाळी आंघोळीनंतर डोक्याला खोबरेल चोळून झाले की हाताला उरलेले तेल तो त्या किल्लीला पुसायचा. माणसाने काटकसरीने वागावे ते असे.

माझ्या वाट्याला मात्र तेल आले नाही. समुद्रावरचा खारा वारा, पागोळ्यांचे पाणी, आणि अंग घासायला येणारी एक शेळी, एवढाच माझा परिवार. जाणारे-येणारे "काय भक्कम कुलूप आहे!" म्हणत आणि पुढे जात. मित्रांनो, कौतुकाने गंज उतरत नाही.

वर्षातून एकदाच माझी सुटका होई, भाद्रपदात. केरूआप्पा करगोट्याची किल्ली सोडून मला उघडायचा. माजघर सारवले जाई, भिंत रंगवली जाई, छताला असलेल्या चार लोखंडी आकड्यांना लाकडी माटवी टांगून तिला फळे-पाने बांधली जात, आणि तिच्याखाली शिवलकरांच्या साऱ्या भावकीचा गणपती बसे. भावकीतली बाकीची घरे वाढली, वेगळी झाली, पण गणपतीची जागा एकच. पणजोबांपासून ह्याच माजघरात. गौरीबरोबर गणपती गेला की मी पुन्हा दाराला. ह्या गोष्टीची वाडीतल्या शेळीलाही माहिती होती. नव्हती ती फक्त पुढे येणाऱ्या एका माणसाला.

सन तेहतीसला हरिश्चंद्राने घर विकायला काढले. वाटणीत घर त्याच्या एकट्याच्या नावावर आले होते, तेव्हा तो विकू शकत होता. भावकीला त्याने कळवले नाही. वाईट बातमी मुंबईहून पाठवायला टपालहशील पडते, असा त्याने विचार केला असावा. त्याची झिजलेली किल्ली घेऊन एक दिवस भिकाजीशेट दलाल दारात उभा राहिला. काखेत छत्री, गालात पान. त्याचा स्वतःखेरीज कोणावर विश्वास नव्हता. मला उघडल्यावर मुठीत घेऊनच तो घरभर फिरत असे. ह्या एका गुणामुळे मला तो आवडला, आणि त्यामुळेच सारी बोलणी माझ्या कानावर पडली.

पहिले गिऱ्हाईक म्हणून एक पेन्शनर आले. त्यांनी वारा कुठून येतो ते विचारले, सूर्य कुठे मावळतो ते विचारले, आणि दोन्ही गोष्टी ठीक आहेत असे सांगून तरीने परत गेले. दुसरा एक नारळाचा व्यापारी. त्याने माडांकडे वर बघत सगळे परडे पालथे घातले आणि शेवटी विचारले, "मधलं घर काढून टाकायचा खर्च कुणाकडं?"

आणि मग वैशाखातल्या एका दुपारी महिपत आणि त्याची बायको सगुणा आली.

महिपत आगबोटीवर खलाशी होता, मूळचा मंडणगडाकडचा. चार भावांत धाकटा, म्हणून गावच्या घरात त्याच्या वाट्याला ओटीचा एक कोपरा आला होता, तोही पावसात गळणारा. लग्न झाल्यापासून तो आणि सगुणा रत्नागिरीत दुसऱ्याच्या पडवीत भाड्याने राहत. मालकीण म्हणेल तेव्हा चूल पेटवायची, मालकीण निजली की भांडे वाजवायचे नाही. सगुणेला स्वतःचे दार हवे होते, लावायला आणि मनात येईल तेव्हा उघडायला. महिपतची आजवरची सारी कमाई एकदाच घालता येणार होती. ती चुकीच्या घरात गेली तर पुन्हा पडवी, आणि मग ती कायमची.

तेव्हा महिपत घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस प्रश्न गोळा करतो. बोटीवर त्याने जो भेटेल त्याला विचारले होते. खलाशांचा म्होरक्या सारंग म्हणाला, पाण्याचे विचार. भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी, म्हणाला, वाटेचे विचार. इंजिनवाला म्हणाला, तो विकतो का ते विचार. ज्यांनी जन्मात गुरांचा गोठाही विकत घेतला नव्हता, त्या सर्वांना घर कसे घ्यावे हे पक्के ठाऊक होते. महिपतने सारे प्रश्न ओळीने पाठ केले होते. पंचाईत एकच होती. मध्ये कोणी बोलले की ओळ तुटे, आणि तो पुन्हा विहिरीपासून सुरुवात करी.

त्यामुळे विहिरीचा प्रश्न तीनदा आला. पहिल्यांदा वैशाखात गुडघाभर पाणी होते. दुसऱ्यांदा ते कमरेला लागले. तिसऱ्यांदा भिकाजीशेटने त्यात म्हैस पोहवली असती, पण सगुणा म्हणाली, "फुडं चला."

"वाट कुणाच्या जागेतनं येते?" महिपतने विचारले.

"सरकारी वाट."

"सरकारला ठाव हाय?"

"सरकारला काय ठाऊक असतं, महिपतराव?"

"मालक इकतोय कशाला?"

"मुंबईत स्थिरावला. त्याला कोकण नको झालं."

"मंग माला का हवंसं वाटावं?"

"तुम्ही अजून इथं आहात म्हणून," भिकाजीशेट म्हणाला, आणि पान दुसऱ्या गालात ढकलले.

"फुडं किंमत चढंल?"

इथे भिकाजीशेटने आवाज खाली आणला, जणू वाडीत हेर बसले होते. "आगगाडी येतेय."

"कवा?"

"मोजणीवाला साहेब भाट्याला आला होता. शहाळं पिऊन गेला."

"शहाळं पिऊन गेला म्हंजे आगगाडी येनार?"

"एवढ्या लांब येऊन उगाच कोण शहाळं पितो?"

हे उत्तर महिपतला पटले. मित्रांनो, मी आज हे सांगत असताना भाट्याला आगगाडी आलेली नाही. शहाळी मात्र अजून मिळतात.

"आत्ता घेऊ, का वाईच थांबू?"

"थांबा की! परवा राजापूरचं गिऱ्हाईक येतंय, ते बघून जाऊ दे." हे राजापूरचे गिऱ्हाईक प्रत्येक वेळी परवा यायचे असे. मी त्याची आजही वाट पाहतो आहे.

"आनी घेतलं, तर हितं ऱ्हावं का भाड्यानं द्यावं?"

ह्यावर सगुणा वळली. "भाड्यानं आपन ऱ्हातोव," ती म्हणाली. "एका संसारात तेवढं पुरे."

सगुणा फारसे विचारत नव्हती, बघत होती. ओटीवर तिने तांब्यातले पाणी ओतले आणि ते कुठे धावते ते पाहिले. चुलीजवळ वाकून वास घेतला. माजघरात आल्यावर तिने वर पाहिले.

"हे आकडे कसले?"

"पाळण्याचे," भिकाजीशेट पटकन म्हणाला.

"पाळण्याला दोन पुरतात. हे चार हायत."

"जुळी झाली तर?"

महिपत लाजला आणि चालू ओळ तुटल्यामुळे पुन्हा विहिरीकडे निघाला. आता बघा, हा माणूस कोकणातला. आपल्या गावच्या घरी असल्याच चार आकड्यांना माटवी टांगताना त्याने लहानपणापासून शिडी धरली होती. घाटावरून आलेल्या एखाद्याला कळले नसते तर समजण्यासारखे होते. पण दिवस वैशाखाचे होते. वैशाखात कोकणातल्या माणसाच्या डोक्यात आंबे असतात, गणपती नसतो.

जाण्यापूर्वी सगुणा शेजारी पाणी मागायला गेली. शेजारची तुळसा म्हणजे केरूआप्पाची बायको. तिने पाणी दिले, बरोबर गुळाचा खडा दिला, आणि "कशाला आलीस गो?" म्हणून विचारले. "घर बघाय आलोत," असे सगुणेने सांगितले मात्र, तुळसाकाकी गप्प झाली.

"शेजारीन गप झाली," परत आल्यावर सगुणा म्हणाली. तिच्या कपाळाला आठी होती.

"गप शेजारीन मिळतेय म्हंजे निम्मी किंमत हितंच वसूल," महिपत म्हणाला.

शेवटी त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "कुलूप घराबरोबर?"

"अहो, सात पट्ट्यांचं आहे!" भिकाजीशेट म्हणाला आणि ती झिजलेली किल्ली त्याच्यासमोर नाचवली. महिपतला आनंद झाला. इतके प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाने किल्ल्या किती, ते विचारलेच नाही. मला ठाऊक होते. पण कुलपाला कोण विचारतो?

ज्येष्ठात कागद झाला आणि घर महिपतच्या नावावर आले. पण लगेच आषाढी आली आणि चातुर्मास बसला. चातुर्मासात नव्या घरात चूल मांडायची नाही, तेव्हा राहायला जायचे ते तुळशीचे लग्न लागल्यावर. तोवर मी दाराला आणि ती दोघे पडवीत. सगुणा मधूनमधून खाडी ओलांडून येई, कुठे गळते का ते बाहेरूनच पाही, ओटी झाडी, आणि जाताना मला ओढून बघे. ओढून बघणारी माणसे मला आवडतात.

श्रावण अर्धा झाला असेल. सगुणा ओटी झाडत होती, तेवढ्यात केरूआप्पा खळ्यात येऊन उभा राहिला. उंच, वाळलेला, डोक्यावर पावसाचे पानांचे इरले.

"बाय, गनपती जवळ आला," तो म्हणाला.

"व्हय आप्पा."

"माजघर सारवाय हवं. भितीला रंग काढाय हवा."

"कुनाच्या माजघराला?"

केरूआप्पाने माझ्याकडे हात केला. "ह्याच. आमच्या भावकीचा गनपती पनज्यापासनं हितंच बसतो."

सगुणेच्या हातातला केरसुणीचा मुठा थांबला. वर बघायला आत जायची तिला गरज नव्हती. ते चार आकडे तिला तिथूनच दिसले असणार. "आप्पा, घर आमी घेतलं," ती म्हणाली.

"घर घेतलंव. गनपती कुठं घेतलाव?"

"मंग दुसऱ्या घरात बसवा की."

"जागा हलवाय धजत नाय कोन. भावकीत एवढी मोठी गोष्ट कोन अंगावर घेल?" त्याने इरले सावरले. "पाच-सा दिवसांची बात हाय, बाय."

"ह्यांना इचारते," सगुणा म्हणाली.

ह्यांनी भिकाजीशेटला विचारले. दोनच दिवसांनी तिघे माझ्यासमोर उभे होते, आणि भिकाजीशेट छत्रीचे टोक माझ्यावर रोखून बोलत होता. "एकदा दार उघडलंत की वहिवाट पडली! यंदा गणपती बसेल, पुढल्या साली केरू बसेल, त्याच्या पुढल्या साली वकील बसेल. घर गेलं म्हणून समजा."

"मंग तुमी आधी का सांगितलं नाय?"

"तुम्ही विचारलं नाहीत. विहिरीचं मात्र तीनदा विचारलंत."

महिपत ओटीच्या पायरीवर बसला. उघडावे तर घर जायची भीती; न उघडावे तर देवाला दारातून परत पाठवणारा माणूस म्हणून त्याच वाडीत जन्म काढायचा. "नाय उघडायचं," शेवटी तो म्हणाला.

मला म्हणाल तर निर्णय अगदी योग्य वाटला. न उघडणे हे माझ्या मते कोणत्याही प्रश्नाचे चांगले उत्तर आहे. शिवाय मला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या दोघांना नव्हती. दुसरी किल्ली केरूआप्पाच्या करगोट्याला होती. तो रोज दोन वेळा गुरे घेऊन माझ्यासमोरून जायचा. मी वाट पाहायचो, आज वळेल, उद्या वळेल. वाडीत कोणी नसताना येईल, मुकाट्याने उघडेल, गणपतीचा पाट मांडून मोकळा होईल. तो माझ्याकडे बघायचा आणि "हॅ, हॅ" करीत गुरे पुढे न्यायचा. मित्रांनो, हातात किल्ली असून न येणाऱ्या माणसाचा जितका संशय येतो, तितका चोराचाही येत नाही. हा म्हातारा काहीतरी मोठे योजतो आहे, अशी माझी खात्री झाली.

चतुर्थी आली. महिपत आणि सगुणा सकाळीच येऊन दारासमोर पायरीवर बसली होती. महिपतने बोटीवरचा एक सोटा आणला होता, पण गणपतीच्या दिवशी तो हातात धरायची लाज वाटून त्याने तो पायाखाली घेतला होता. त्यामुळे तो सारखा घरंगळत होता.

ढोलकी ऐकू आली. केरूआप्पा पुढे, मागे त्याचा मुलगा शिवा. चांगला बाप्या गडी, डोक्यावर पाट, पाटावर गणपती. दोघांनी दोन बाजूंनी वर इरले धरलेले. मागे सारी भावकी, पोरेबाळे, हळदीच्या पानांचे भारे घेतलेल्या बाया. खळ्यात येऊन सगळे थांबले. महिपत उठला. ढोलकी गप्प झाली.

"दार उघडा," केरूआप्पा म्हणाला.

"नाय," महिपत म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "कागद माज्या नावावर हाय."

"कागदाला हळद-कुंकू लावनार हायस का?" मागून कोणी बाई म्हणाली. हशा पिकला, पण लगेच विरला, कारण सर आली.

भाद्रपदातली सर विचारून येत नाही. इरल्याला एका कडेने भोक होते. गणपती शाडूचा. हळूहळू शिवाच्या कपाळावरून पिवळा ओघळ उतरू लागला. तो पीतांबराचा रंग होता. "आप्पा," शिवा मान ताठ ठेवून म्हणाला, "काय ठरवायचं ता बेगीन ठरवा. मान चालली माजी. आनी देवाचा रंग पन."

केरूआप्पा हलला नाही. महिपत हलला नाही. मी तर हलणारच नव्हतो. मग सगुणा उठून दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"आप्पा, एक सांगा," ती म्हणाली. "पूजेला कोन बसतो?"

"घराचा यजमान. आधी हरिश्चंद्राचा बापूस बसायचा, मंग हरिश्चंद्र. तो नसला की त्याच्या नावानं मी."

"ज्याचं घर, तो?"

"तशीच रीत हाय."

"मंग आता घर कुनाचं?"

घर विकले गेले ही गोष्ट भावकीत सर्वांना ठाऊक होती, पण अजून कोणी तोंडाने म्हटली नव्हती. सगळे केरूआप्पाकडे बघत होते. केरूआप्पा शिवाच्या कपाळावरच्या पिवळ्या ओघळाकडे बघत होता.

"महिपतचं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा, आप्पा. ढोलकीत ऐकाय नाय आलं."

ढोलकी कधीच थांबली होती. केरूआप्पाने तिच्याकडे नीट पाहिले आणि त्याच्या मिशीत काहीतरी हलले. मग मान वर करून तो साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "घर ह्या महिपतचं हाय!"

"मंग पूजेला हे बसतील," सगुणा म्हणाली. "आरत्या तुमी म्हना. नैवेद्य तुळसाकाकी आनी मी करू. आनी जेवाय बसाल ते समदे आमचे पाव्हने म्हनून बसाल. दरसाल. कबूल?"

"कबूल, कबूल!" मागून तुळसाकाकीच ओरडली. "आदी दार उघड गो बाय, देवाचा कान इरघळाय लागला!"

महिपतने खिशातून किल्ली काढून माझ्यात घातली आणि फिरवली. मी उघडलो नाही. त्याने पुन्हा फिरवली, मला हलवले, माझ्यावर फुंकर मारली. वाडीत आजही कोणी म्हणतात की देवाने सत्त्व पाहिले, कोणी म्हणतात की जागेच्या राखणदाराला नारळ दिला नव्हता म्हणून तो रुसला. मित्रांनो, तो गंज होता. तेलाचा थेंब न दिलेले कुलूप आणि सोड्याच्या बाटल्यांवर झिजवलेली किल्ली, ह्यांच्यात देवाला ओढायचे कारण नाही.

"आता?" महिपत रडकुंडीला आला.

तेव्हा केरूआप्पाने ओला सदरा वर केला. करगोट्याची गाठ सुटेना, दातांनी सोडवावी तर तिथवर दात पोचेनात. शेवटी तुळसाकाकीने ती सोडवली. खोबरेलाने चकाकणारी माझी दुसरी किल्ली केरूआप्पाने हातात घेतली, आणि माझ्यापर्यंत दोन पावले असताना ती मला लावली नाही. सगुणेच्या हातावर ठेवली.

सगुणेने ती उलटसुलट करून पाहिली. महिपतच्या हातातल्या किल्लीशी जोडून पाहिली.

"ही कवापास्नं तुमच्याकडं?"

"हरिश्चंद्राची आय गेली तवापास्नं."

"म्हंजे हा पावसाळाभर?"

"पावसाळाभर."

तिने माझ्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले. "आमी पल्याड ऱ्हायला. तुमी कवाबी उघडून गनपती बसवला असतात, तर आमी काय करनार व्हतो?"

"काय नाय."

"मंग बसवलात का नाय?"

"बसवला असता," केरूआप्पा म्हणाला. "पन दारात हुबी ऱ्हाऊन त्याला आत घेनारी घरची बायमानूस नसली, तर तो आला कसा म्हनायचा? घुसला म्हनायचा."

"आवो, बोलत काय ऱ्हायलाव!" तुळसाकाकी किंचाळली.

सगुणेने किल्ली फिरवली. ओशट किल्ली पोटात शिरली, सहाच्या सहा पट्ट्या एकामागून एक उचलल्या गेल्या, आणि मी उघडलो. तिने शिवाच्या पायांवर पाणी घातले, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि एका कानाने थोडा बसका झालेला गणपती उंबरठा ओलांडून आत आला.

मला माजघराच्या खुंटीला टांगले होते, म्हणून पुढचे सारे मी पाहिले. ओल्याच कपड्यांनी महिपत पूजेला बसला. चार भावांत धाकटा. आजवर आरतीच्या वेळी मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या, पाटावर कधी बसला नव्हता. भटजींनी नाव विचारले, ते त्याने सांगितले. गाव विचारले, तेव्हा "मंडण..." म्हणता म्हणता तो थांबला, सगुणेकडे पाहिले, आणि ह्या वाडीचे नाव सांगितले. वर चार आकड्यांना माटवी लागली होती.

दुसऱ्या दिवशी भिकाजीशेट मोदक खायला आला. सगुणेने त्याला केळीच्या पानावर चांगले पाच वाढले आणि वर बोट दाखवून म्हणाली, "भिकाजीशेट, पाळना बगा. जुळ्यांचा हाय."

तो ठसकला, पाणी तुळसाकाकीने दिले.

गणपती गेले, तुळशीचे लग्न लागले, ती दोघे राहायला आली. दोन्ही किल्ल्या आता सगुणेच्या कनवटीला असतात. श्रावण संपता संपता ती एक किल्ली केरूआप्पाला नेऊन देते, म्हणजे महिपत बोटीवर असला आणि ती बाजाराला गेली तरी माजघराचे काम अडू नये. गौरी-गणपती गेले की तो ती परत आणून देतो. सगुणा किल्लीला रोज तेल लावून ठेवते, तरी परत देताना तोही लावून देतो. दोघेही एकमेकांना फार मानतात आणि दोघेही किल्ली परत आली का ते लक्षात ठेवतात. ह्याहून चांगला शेजार मी पाहिलेला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, चार ठिकाणी कमवाल, आणि कधीतरी तुम्हालाही एखादे घर घ्यावेसे वाटेल. तेव्हा पाण्याचे विचारा, वाटेचे विचारा, आगगाडीचे विचारले तरी हरकत नाही. पण वैशाखात घर बघायला गेलात तर भाद्रपदाची आठवण ठेवा. शेजारीण गप्प झाली तर ती का गप्प झाली ते विचारल्याशिवाय तरीत बसू नका. आणि घर कोणाचेही असो, कुलपाला अधूनमधून खोबरेल घाला. आम्ही तोंड बंद ठेवतो, म्हणून आम्हाला तहान नसते असे नाही.

सगुणा मला आता नेमाने तेल घालते. घालताना कपाळावरच्या सातवर तिचा अंगठा फिरतो, आणि मला थोडे ओशाळल्यासारखे होते. केरूआप्पाबद्दल माझा अंदाज चुकला, हे मला मान्य आहे. पण म्हणून धंदा सोडता येत नाही. भाद्रपदात दार सताड उघडे असते, पंगती बसलेल्या असतात, आणि मी खुंटीवरून एकेकाच्या कमरेकडे बघत असतो. तिसरी किल्ली नाही, असे त्या दुकानदाराने मान कापून द्यायच्या बोलीवर सांगितले होते. पण सात पट्ट्याही त्यानेच सांगितल्या होत्या.